सावडीची दुर्बीण

१९५३ साली गोविंद स्वरूप कोलंबो योजनेच्या शिष्यवृत्तीवर सिडनीला गेले, तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. तिथे पॉट्स हिल जलाशयाच्या काठावर सहा-सहा फुटांच्या बत्तीस तबकड्या ओळीने उभ्या होत्या आणि त्यांतून सूर्याच्या रेडिओलहरी टिपल्या जात. काही वर्षांत या तबकड्यांचे तिथले काम संपले, त्या मोडीत निघायची वेळ आली. स्वरूप यांनी त्या भारतासाठी मागितल्या आणि सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेने त्या फुकट द्यायचे कबूलही केले. घोडे अडले ते जहाजाच्या भाड्यावर. भाडे होते सुमारे सातशे ऑस्ट्रेलियन पौंड. ते कुणी भरायचे यावर पत्रापत्री चालू राहिली. भारताकडे परकीय चलनाची चणचण होती. या घोळात स्वरूप अमेरिकेला निघून गेले. तबकड्या पुढे दिल्लीला पोचल्या, पण त्या उभ्या करणारा माणूस तोवर दुसऱ्या खंडात होता.

१९६१ साली परदेशात काम करणाऱ्या चार भारतीय रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांनी (स्वरूप, मेनन, कुंडू आणि कृष्णन) मायदेशी परतून एकत्र काम करण्याची तयारी पत्राने कळवली. होमी भाभांनी काही महिन्यांतच तारेने होकार दिला. १९६३ मध्ये स्वरूप मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. दिल्लीतल्या तबकड्या कल्याणला आल्या आणि १९६५ पासून त्यांनी सूर्य पाहायला सुरुवात केली. त्याच गटाने १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी केली आणि पुढे जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण.

मी ही हकिगत अनेकदा सांगते, कारण सामायिक विज्ञान-सुविधांचा सगळा प्रश्न तिच्यात आहे. यंत्र देणारा भेटतो. यंत्राचे भाडे, ते जुळवणारे हात आणि पुढची वीस-तीस वर्षे ते चालते ठेवणारा पैसा मात्र कुणाच्याच हिशेबात नसतो. अशा प्रकल्पांविषयी आपण वाचतो ते किती कोटी मंजूर झाले, कोनशिला कुणी बसवली एवढेच. विचारायला हवे ते निराळे.

आपल्याकडे शेतीत सावड होती, काही गावांत अजूनही आहे. एका घरी एक बैल, शेजारच्या घरी एक बैल. दोघांची मिळून जोडी होते आणि दोघांची रानं नांगरून निघतात. यात पैशांची देवघेव नसते, पण आज माझ्या रानात तुमचा बैल चालला तर उद्या तुमच्या रानात मला बैलासकट उभे राहावे लागते. त्यासाठी बैल वर्षभर धडधाकट ठेवावा लागतो. एकाने वैरणीत हात आखडता घेतला की सावड मोडते आणि नांगर दोघांचाही थांबतो. आंतरराष्ट्रीय विज्ञान-प्रकल्पांचे करार मी जेवढे समजून घेतले, तेवढी मला ही सावडच आठवत राहिली. वर्गणी एकदा भरली की काम संपते, सावड दरवर्षी निभवावी लागते.

जगातली सर्वांत यशस्वी सावड जिनिव्हाजवळ आहे. दुसऱ्या महायुद्धात पोळलेल्या बारा युरोपीय देशांनी १९५४ साली सर्न स्थापन केली. एकट्या कुणालाही परवडणार नाही असे कणत्वरक त्यांना मिळून बांधायचे होते. तिची घडी नीट बसली त्याचे श्रेय मी विज्ञानाइतकेच करारालाही देते. प्रत्येक सदस्य देशाची वर्गणी त्याच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात ठरते, मत मात्र प्रत्येकाला एकच. शिवाय हे सगळे आंतरराष्ट्रीय तहात बांधलेले आहे. सरकार बदलले, अर्थमंत्री बदलले म्हणून एखाद्या देशाला सहज हात झटकता येत नाहीत. २७ किलोमीटर परिघाच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरला मंजुरी मिळाली १९९४ मध्ये आणि हिग्ज कणाची घोषणा झाली ४ जुलै २०१२ रोजी. मधल्या अठरा वर्षांत या देशांत किती निवडणुका झाल्या असतील! तेवढ्या काळात पैसा आटला नाही, ही गोष्ट मला कणाच्या शोधाइतकीच मोठी वाटते.

शेजारी दुसरे उदाहरण ठेवले की फरक कळतो. अमेरिकेने टेक्सासमध्ये वॅक्साहॅची गावाजवळ याहून कितीतरी मोठे, सुमारे ८७ किलोमीटर परिघाचे यंत्र बांधायला घेतले होते. अंदाजे खर्च साडेचार अब्ज डॉलरच्या आसपास होता, तो फुगत अकरा अब्जांवर गेला. हा प्रकल्प आधी निव्वळ राष्ट्रीय अभिमानाचा म्हणून पुढे आला, खर्च वाढल्यावर मग इतर देशांकडे मदत मागितली गेली. पण आराखडा ठरला, जागा ठरली, मालकी ठरली आणि नंतर कुणी सावडीला बोलावले तर कोण येणार? १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी काँग्रेसने पैसा थांबवला. तोवर सुमारे दोन अब्ज डॉलर खर्च झाले होते आणि तेवीस किलोमीटरहून जास्त बोगदा खणून झाला होता. दरवर्षीच्या मतदानावर टांगलेला तीस वर्षांचा प्रकल्प असा कधीही पडू शकतो.

भारत सर्नमध्ये फार जुना आहे. टाटा संस्थेतल्या शास्त्रज्ञांचे तिथे जाणेयेणे १९६० च्या दशकापासूनचे. रीतसर सहयोगी सदस्यत्व मिळाले जानेवारी २०१७ मध्ये. सहयोगी देशाला पूर्ण सदस्याच्या वर्गणीचा किमान दहावा हिस्सा भरावा लागतो. पण आपली खरी कमाई त्याआधीची आहे. कोलायडरच्या बोगद्यात पंधरा मीटर लांबीचे, पस्तीस टनांच्या आसपास वजनाचे बाराशेहून अधिक मुख्य चुंबक आहेत. त्यांतला प्रत्येक चुंबक केसाइतक्या अचूकतेने जागेवर सरकवावा लागतो. त्यांच्याखालचे जॅक, सुमारे सात हजार, भारतात बनले. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राने ते काम पाहिले. मोटारीचे चाक बदलताना लावतो तोच जॅक, फक्त अशा काही जॅकवर मिळून पस्तीस टन आणि चूक मिलिमीटरच्या अंशाइतकीही चालणार नाही. त्या कामाचा मोबदला म्हणून जी रक्कम जमा झाली तिचा काही भाग भारतीय शास्त्रज्ञांच्या तिथल्या कामासाठी वापरला गेला. जिनिव्हाच्या आवारातल्या दोन मीटर उंचीच्या नटराजाचा फोटो आपण कौतुकाने एकमेकांना पाठवतो. तो २००४ साली भारताने भेट दिला. मला त्या आवारात जायला मिळाले तर मी आधी बोगद्यातल्या जॅकपाशी जाईन.

असा वस्तुरूप वाटा हीच आता बहुतेक मोठ्या प्रकल्पांची रीत आहे. पैसे आपल्याच देशात खर्च होतात, आपले कारखाने नवी गोष्ट शिकतात आणि संसदेला सांगायला काहीतरी हाती असते. पण या रीतीची किंमतही आहे, आणि ती दक्षिण फ्रान्समध्ये दिसते. तिथे ईटर हा अणुसंमीलनाचा प्रकल्प उभा राहतो आहे. गोर्बाचेव आणि रेगन यांच्या १९८५ च्या जिनिव्हा भेटीतून त्याचे बीज पडले आणि २००६ मध्ये करार झाला. युरोपचा वाटा साधारण पंचेचाळीस टक्के. चीन, भारत, जपान, दक्षिण कोरिया, रशिया आणि अमेरिका यांचा प्रत्येकी नऊ टक्क्यांच्या घरात. अमेरिका १९९० च्या दशकात यातून बाहेर पडली आणि पुढे परत आली. या यंत्राला वेढणारे क्रायोस्टॅट नावाचे प्रचंड पोलादी भांडे भारताने दिले. एकोणतीस मीटर उंच, तितकेच रुंद आणि ३,८०० टनांहून जड. गुजरातेत हजिऱ्याच्या कारखान्यात त्याचे भाग बनले, समुद्रमार्गे फ्रान्सला गेले आणि तिथे जोडले गेले. आपला वाटा वेळेत आणि मापात पोचला, याचा मला मनापासून अभिमान आहे.

पण एकाच यंत्राचे अवयव सात जणांनी आपापल्या घरी घडवायचे आणि अंगणात आणून जोडायचे, यात जोखीम असते. आतल्या निर्वात पात्राच्या भागांच्या कडांची मापे जुळेनात, थंडाव्याच्या नळ्यांना गंज लागल्याचे आढळले. २०२२ नंतर काही भाग उचलून दुरुस्तीला घ्यावे लागले. नव्या वेळापत्रकाप्रमाणे संशोधन २०३४ च्या सुमारास सुरू होईल आणि खऱ्या इंधनाचे प्रयोग २०३९ च्या आसपास. एकाच कारखान्याला सगळे काम दिले असते तर ते स्वस्त आणि लवकर झाले असते, असे अभियंते म्हणतात, आणि ते खरेही असेल. पण मग सात देशांनी पैसे दिले असते का? सावडीत दुसऱ्याचा बैल आपल्या चालीने चालत नाही. तो उशीर अंदाजपत्रकात आधीच धरायला हवा. लोकांना पहिल्या दिवशी खोटी तारीख सांगायची आणि नंतर दर पाच वर्षांनी माफी मागायची, याने विज्ञानावरचाच विश्वास उडतो.

खोडदला मी पहिल्यांदा गेले ती राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास. त्या दिवसांत जीएमआरटीचे आवार सगळ्यांना खुले असते आणि तालुक्यातल्या शाळा आपापले प्रयोग घेऊन येतात. नारायणगावहून वळले की दोन्ही बाजूंना द्राक्षे आणि टोमॅटो. मग शेताच्या पलीकडे अचानक पंचेचाळीस मीटर व्यासाची तबकडी उभी दिसते. लांबून ती भरीव वाटते. खाली उभे राहून वर पाहिले तर तिच्यातून आभाळ दिसते, कारण तबकडीचा पृष्ठभाग म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी. तारेची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास. ती जाळी ताणलेल्या पोलादी दोरांना बांधली आहे आणि दोर ताणूनच तबकडीला खोलगट आकार दिला आहे. ज्या मीटरभर लांबीच्या लहरी पकडायच्या त्यांना ही जाळी आरशासारखी भरीव असते, वाऱ्याला मात्र ती मोकळी. त्यामुळे वजन कमी, खर्च कमी. परदेशी आराखडा उचलला असता तर अशा तीस तबकड्या आपल्याला परवडल्या नसत्या. चौदा तबकड्या मध्यभागी दाटीने आणि सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, अशा साधारण पंचवीस किलोमीटर परिसरात त्या पसरल्या आहेत. बांधकामाचा पैसा पूर्णपणे भारतीय जनतेचा.

आणि तरीही २००२ पासून ही दुर्बीण जगाला खुली आहे. वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवले जातात, कुठल्याही देशातला खगोलशास्त्रज्ञ अर्ज करू शकतो, समिती गुणवत्ता पाहून वेळ देते. आपल्या गावाकडे पाटाच्या पाण्याची पाळी असते तशी इथे निरीक्षणाची पाळी. कुणाला मंगळवारी रात्री सहा तास, कुणाला पहाटेचे चार. अनेकांना प्रश्न पडतो की आपल्या पैशाने बांधलेल्या दुर्बिणीवर नेदरलँड्सच्या माणसाला पाळी का द्यायची?

याचे उत्तर खोडदच्याच कामातून मिळते. २०१० ते २०१२ दरम्यान जीएमआरटीने दीडशे मेगाहर्ट्झवर जवळजवळ सगळे दिसणारे आकाश टिपले. मिळालेली माहिती अवाढव्य होती आणि पृथ्वीच्या आयनांबरामुळे ती गढूळ झालेली होती. पुढे नेदरलँड्समधल्या एका संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती माहिती नव्या पद्धतीने उपसली. आकाशाचा नव्वद टक्के भाग, सहा लाखांहून अधिक रेडिओस्रोत, असा नकाशा जगाला मोफत मिळाला. पुण्यातल्या विद्यार्थ्यालाही तो तितकाच मोफत आहे. माहिती कुलुपात ठेवली असती तर ती अजून गढूळच राहिली असती.

दुसरे असे की उघडे दार दोन्ही बाजूंनी उघडे असते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून आलेल्या गुरुत्वलहरी पृथ्वीवर पोचल्या. अमेरिकेतले लायगोचे दोन शोधक चालू होते आणि इटलीतला व्हर्गो जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी त्यांना येऊन मिळाला होता. तिघांमुळे आकाशातली जागा सुमारे अठ्ठावीस चौरस अंशांत बांधता आली. काही तासांत दुर्बिणींनी टक्कर झालेली दीर्घिका शोधली आणि जगभरातल्या सत्तरच्या आसपास वेधशाळा तिकडे वळल्या. त्यांत खोडदही होते. टकरीनंतरची रेडिओ चमक तिथेही पाहिली गेली. तशीच जून २०२३ ची घोषणा. विश्वात सतत घुमणाऱ्या अतिदीर्घ गुरुत्वलहरींचे पुरावे युरोपीय आणि भारतीय-जपानी गटांनी मिळून मांडले, तेव्हा त्यांत जीएमआरटीने वर्षानुवर्षे घेतलेल्या स्पंदकांच्या (पल्सारांच्या) नोंदी होत्या.

या ओळखीच्या बळावरच पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र स्क्वेअर किलोमीटर अॅरेत पुढच्या फळीत आहे. हा प्रकल्प दोन खंडांवर बांधला जातो आहे: पश्चिम ऑस्ट्रेलियात ख्रिसमसच्या झाडांसारखे दिसणारे १,३१,०७२ अँटेना आणि दक्षिण आफ्रिकेच्या कारू वाळवंटी प्रदेशात १९७ तबकड्या. मुख्यालय इंग्लंडमध्ये. मार्च २०१९ मध्ये रोमला आंतरराष्ट्रीय तहावर सह्या झाल्या, म्हणजे घडी सर्नसारखी घातली गेली. २०२२ च्या डिसेंबरात बांधकाम सुरू झाले. भारताने जानेवारी २०२४ मध्ये १,२५० कोटी रुपये मंजूर केले. आपल्या वाट्यात सगळ्यात मोलाचे काम आहे ते या सबंध यंत्राला हुकूम देणाऱ्या आणि त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचे. खोडदच्या तीस तबकड्या रोज एका लयीत फिरवण्याचा अनुभव नसता, तर ते काम आपल्याला कुणी दिले नसते.

आता हिंगोलीकडे. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया उभा राहणार आहे. नामदेवांचे नरसी याच जिल्ह्यात, आणि ज्या औंढ्यात विसोबा खेचरांनी नामदेवांना देव कुठे नाही ते दाखव असे म्हटल्याची कथा सांगतात, त्याच मातीत एकमेकींशी काटकोन करणाऱ्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या घातल्या जातील. नळ्यांमध्ये जवळपास पूर्ण निर्वात. त्यांत लेसरचा किरण ये-जा करील आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतकी लांबी बदलली तरी कळेल. हिंगोलीच का, तर जमीन शांत आहे आणि जागा दूर आहे. अमेरिकेतले दोन शोधक एकमेकांपासून तीन हजार किलोमीटरवर आहेत. पृथ्वीच्या या बाजूला आणखी एक कान असला की आवाज कुठून आला ते नेमके सांगता येते. एक कान झाकून हाक कुठून आली हे ओळखून पाहा, म्हणजे पटेल.

हा शोधक आधी ऑस्ट्रेलियाला देऊ केला होता. अमेरिका यंत्राचे भाग देणार, जागा-इमारत-निर्वातनळ्या आणि चालवण्याचा खर्च यजमानाचा, अशी ती देवघेव. ऑस्ट्रेलियाच्या सरकारला २०११ च्या मुदतीपर्यंत पैशाची हमी देता आली नाही. भारतातल्या शास्त्रज्ञांनी २००९ पासूनच इंडिगो नावाचा गट बांधला होता, म्हणून संधी आली तेव्हा हात पुढे करायला कुणीतरी होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुरुत्वलहरींच्या पहिल्या शोधाची घोषणा झाली आणि आठवड्याभरात केंद्र सरकारने तत्त्वतः मंजुरी दिली. पूर्ण मंजुरी आणि २,६०० कोटी रुपये यायला मात्र एप्रिल २०२३ उजाडले. मधली सात वर्षे मला खुपतात. या विषयात पीएचडी करायला २०१६ मध्ये पुण्यात दाखल झालेली मुले तोवर पदवी घेऊन हॅनोवर, पॅसाडेना, कार्डिफ अशी पांगली. सातशे पौंडांसाठी स्वरूप निघून गेले होते, त्याच वाटेने. यंत्राचे सुटे भाग गोदामात थांबू शकतात, पंचविशीतली माणसे थांबत नाहीत.

सावडीतल्या दुसऱ्या घरचीही खात्री देता येत नाही, हे अलीकडे दिसले. अमेरिकी सरकारच्या २०२६ च्या अर्थसंकल्पी प्रस्तावात लायगोच्या दोनपैकी एक केंद्र बंद करण्याची सूचना होती. दोन कानांतला एक झाकायचा, असाच त्याचा अर्थ. हिंगोलीचे काम त्यामुळे अनाठायी ठरत नाही. उलट, जगातले असे यंत्र एकाच देशाच्या अर्थसंकल्पावर सोडू नये, याचा त्याहून ठळक दाखला नाही.

आणि चालवण्याचा खर्च. अरेसिबोचे नाव घेतले की रेडिओ-खगोलशास्त्रात काम केलेली माणसे आजही गप्प होतात. पोर्टो रिकोमधली ३०५ मीटरची ती तबकडी १९६३ पासून उभी होती. २००६ नंतर तिचा निधी हळूहळू कापला जाऊ लागला. २०२० च्या ऑगस्टमध्ये एक केबल सुटली, नोव्हेंबरमध्ये दुसरी तुटली आणि १ डिसेंबरच्या सकाळी वर टांगलेला नऊशे टनांचा मंच तबकडीतून खाली कोसळला. तिने आपल्याला पहिल्या जोड-स्पंदकाचा शोध दिला होता, ज्याला १९९३ चे नोबेल मिळाले. मोठे यंत्र बांधताना त्याच्या आयुष्यभराच्या देखभालीची तरतूद मंजुरीच्या त्याच कागदावर असायला हवी, असे माझे ठाम मत आहे. नसेल तर तो प्रकल्प मंजूरच करू नये. भारताने २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के संशोधनावर खर्च केले. एवढ्याशा पैशात नवे घर बांधत जायचे आणि जुन्याच्या कौलांकडे बघायचे नाही, हे आपल्याला अजिबात परवडणारे नाही.

दुर्बीण निदान दिसते तरी. ज्या सामायिक सुविधा डोळ्यांना दिसत नाहीत त्यांची हालत आणखी नाजूक. समुद्रात सुमारे चार हजार आर्गो तरंगक सोडलेले आहेत. माणसाच्या उंचीची नळी, ती हजार मीटर खोल वाहत राहते, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत उतरून वर येताना तापमान आणि क्षारता मोजते, पृष्ठभागावर येऊन उपग्रहाला निरोप देते आणि पुन्हा बुडते. नोंदी सगळ्यांना मोफत. भारतात हैदराबादचे इन्कॉइस हे काम पाहते. पावसाळ्याच्या अंदाजासाठी हिंदी महासागर आतून किती तापला आहे हे लागते, आणि ते या नळ्या सांगतात. बॅटरी चार-पाच वर्षांत संपते, म्हणजे दरवर्षी शेकडो नव्या नळ्या सोडाव्या लागतात. निम्म्याच्या आसपास तरंगक एकट्या अमेरिकेचे आहेत. तिने हात आखडला तर रत्नागिरीचा मच्छीमार किंवा लातूरचा सोयाबीनवाला याला कारण कळणारही नाही; अंदाज थोडा आंधळा झालेला असेल, इतकेच.

सामायिक कामातून कायमची संस्था उभी राहते याचे आपल्या किनाऱ्यावरचे उदाहरण गोव्यात आहे. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक देशांची चाळीसच्या आसपास जहाजे आली. मुंबईत कुलाब्याला आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र चालले, जिथे या सगळ्या महासागराच्या नोंदी गोळा होत. मोहीम संपली, जहाजे परत गेली. पण शिकलेली भारतीय माणसे होती, आणि १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, जिचे मुख्यालय आज दोनापावलाला आहे. पाहुण्यांबरोबर आपली माणसे जहाजावर चढली होती, म्हणून हे झाले.

राजकारण या सगळ्याच्या बाहेर राहत नाही. जॉर्डनमधल्या सेसमी या कणत्वरकावर चालणाऱ्या प्रकाशस्रोतात इस्रायल, इराण, पाकिस्तान, पॅलेस्टाइन, इजिप्त एकाच टेबलाला बसतात. बर्लिनमध्ये मोडीत निघालेल्या यंत्राचे भाग घेऊन त्याची सुरुवात झाली, २०१३ च्या बर्फात छप्पर कोसळले, तरी २०१७ मध्ये उद्घाटन झाले. दुसरीकडे युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर सर्नने रशियाशी असलेला सहकार्य करार नोव्हेंबर २०२४ मध्ये संपू दिला. दोन्ही निर्णयांमागे मला तत्त्व दिसते. मात्र शेकडो रशियन भौतिकशास्त्रज्ञांची अर्धवट राहिलेली कामे डोळ्यांपुढून हलत नाहीत.

आपल्याकडे सहसा न बोलली जाणारी एक बाजू राहिली. सगळ्या जगाचे यंत्र कुणाच्या तरी गावात उभे राहते. हवाईच्या मौना केआ पर्वतावर तीस मीटरची दुर्बीण उभारायची ठरली. भारत त्यात दहा टक्क्यांचा भागीदार. पर्वत तिथल्या मूळ रहिवाशांना पवित्र आहे. २०१५ आणि २०१९ मध्ये लोक रस्त्यावर बसले आणि काम अजून सुरू झालेले नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात स्क्वेअर किलोमीटर अॅरेने मात्र वजारी यमाजी लोकांशी आधी बसून जमीनवापराचा करार केला. त्यांनीच त्या वेधशाळेला नाव दिले, ज्याचा अर्थ आकाश आणि तारे वाटून घेणे असा होतो.

जुन्नरमध्ये आपण असा करार कधी केला? जीएमआरटीच्या आसपास कारखाने, मोबाइलचे टॉवर, विजेच्या वाहिन्या यांवर बंधने आहेत, कारण ठिणगी उडणारा एखादा विजेचा खांबही अब्जावधी वर्षांपूर्वीचा संकेत बुडवू शकतो. पुणे-नाशिक रेल्वेचा आधी आखलेला मार्ग याच परिसरातून जात होता. दुर्बिणीला त्रास होईल म्हणून तो बदलायची वेळ आली, आणि नारायणगाव, मंचरच्या लोकांमध्ये संताप उसळला. वीस वर्षे रेल्वेची वाट पाहिलेल्या माणसाला आकाशातल्या स्पंदकांचे महत्त्व समजावून सांगणे मला जमलेले नाही. जमावे, असेही वाटत नाही, कारण त्याचे म्हणणे रास्त आहे. दुर्बीण तिथेच राहिली पाहिजे. तिच्यासाठीची शांतता एकदा गेली की परत आणता येत नाही. पण शांततेची किंमत आज एकटे जुन्नर आणि आंबेगाव तालुके भरतात, आणि त्यांचा हा वाटा कुठल्याही करारात, कुठल्याही वस्तुरूप हिशेबात मांडलेला नाही. सिडनीच्या तबकड्यांचे जहाजभाडे निदान कागदावर तरी होते. जगभरातल्या खगोलशास्त्रज्ञांना पाळी देताना त्या प्रस्तावाच्या खर्चात खोडद पंचक्रोशीतल्या शाळांसाठी, जमिनीखालून नेलेल्या विजेच्या तारांसाठी, बदललेल्या मार्गावरच्या जोडगाडीसाठी एक रक्कम धरावी, अशी मागणी मी या लेखातून करते आहे. हिंगोलीत नळ्या अजून घालायच्या आहेत. तिथे हे आधीच करता येईल.